विकसनशील देशांतले छोटे व्यावसायिक क्लाउड अकाउंटिंगकडे (हिशेब इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवण्याकडे) वळायला इतका वेळ का लावतात?

इंटरनेट नीट चालत नाही, हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. मी छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहितो. मला घोडं अडताना दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी.

या सॉफ्टवेअरचा खरा फायदा म्हणजे बँकेतला व्यवहार आपोआप आत येतो, आपण तो कोणत्या खात्याला टाकायचा एवढंच सांगायचं. पण धंदा रोखीवर आणि उधारीवर चालत असेल तर आत येणार काय? प्रत्येक विक्री हातानेच टाकायची, मग रोजमेळाची वही काय वाईट! फोनवरून पैसे आले तरी सुटका नाही. केनियात एम-पेसा ही फोनवरून पैसे देण्याघेण्याची सेवा २००७ पासून आहे. पण मालकाचा घरखर्च आणि धंदा एकाच नंबरवर असेल तर महिनाअखेरीला एकेक मेसेज उघडून ‘हे पैसे कुठल्या बिलाचे?’ असं विचारत बसावं लागतं. आधी दोन खाती वेगळी करा, सॉफ्टवेअर नंतर.

सॉफ्टवेअरची फी डॉलरमध्ये असली तर आणखी पंचाईत. २०२३ मध्ये नायजेरियाचा नायरा कोसळला, तेव्हा डॉलरमधली फी तीच राहिली तरी तिथल्या माणसाच्या खिशातून जास्त पैसे गेले.

मग लोक वळतात कधी? बहुतेकदा कर खात्याने भाग पाडलं की. मेक्सिकोत २०१४ पासून इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं झालं. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. मात्र यातही पळवाट आहे: हिशेब ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच ठेवायचा आणि बिलाची माहिती तेवढी पोर्टलवर चढवायची. अशांना क्लाउडवाले म्हणायला मी तरी तयार नाही.

शिवाय सॉफ्टवेअर मालक निवडतच नाही, त्याचा अकाउंटंट निवडतो. त्याचा हात ज्यावर बसलाय तेच चालतं.

तुम्ही स्वतः घेणार असाल तर एक नक्की बघा: सगळी खतावणी (खातेवार नोंदी) एक्सेलमध्ये उतरवून घेता येते का? क्विकबुक्स या क्लाउड अकाउंटिंग सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली, तेव्हा ग्राहकांना आपला डेटा काढून दुसरीकडे न्यावा लागला. मी दर महिन्याला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) आणि खतावणी उतरवून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो.