तळटीपेमागचे पान

प्रिय संशोधकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचले. मांडणी नेटकी आहे. मात्र संदर्भसूचीत विकिपीडियाचे नाव अकरा वेळा आले आहे, म्हणून हे पत्र.

विकिपीडिया वाचूच नये, असे माझे म्हणणे नाही. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन चुका निघाल्या. (ब्रिटानिकाला ती तपासणीच मान्य नव्हती, हा भाग वेगळा.) अडचण चुकांच्या संख्येची नाही. ज्ञानकोश, छापील असो वा ऑनलाइन, इतरांच्या संशोधनाचा गोषवारा देतो. विकिपीडियाच्या नियमांनुसार तर तेथे स्वतःचे नवे संशोधन मांडताच येत नाही. तेव्हा तुला हवा असलेला पुरावा नोंदीत नसतो, तिच्या तळटीपेत दिलेल्या ग्रंथात असतो.

तो ग्रंथ उघडायचाच. उमेदवारीच्या काळात मी नोंदीखालचा एक संदर्भ पृष्ठांकासह जसाच्या तसा उचलला होता. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी तेच पान माझ्यापुढे ठेवले: लेखकाने ते मत उद्धृत केले होते खरे, पण पुढच्याच परिच्छेदात खोडून काढण्यासाठी!

तळटीपेतला स्रोत कधीचा आहे, हेही पाहा. २००९ मध्ये संगीतकार मॉरिस जार यांचे निधन झाले, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेले विधान त्यांच्या तोंडी घालून विकिपीडियावर टाकले. आधार नसल्याने तेथील संपादकांनी ते काढले, पण तोवर ते वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत छापूनही आले होते. त्याने स्वतःहून उलगडा केला नसता, तर हेच मृत्युलेख उद्या त्या विधानाचा आधार म्हणून नोंदीखाली लागले असते. म्हणून शंका आली की नोंदीचा ‘इतिहास’ उघडून ते वाक्य केव्हा आले ते पाहावे आणि स्रोताच्या तारखेशी ताडावे. चर्चापानावरचे वादही वाचावेत, कारण मतभेद नेमके कोठे आहेत ते बहुधा तेथेच कळते.

नोंद हाच अभ्यासविषय असेल, तर तिचा हवाला जरूर द्यावा, पण त्या आवृत्तीच्या स्थायी दुव्यासह. तुझ्या अकरांपैकी असा एकच आहे. उरलेल्या दहांचे मूळ ग्रंथ पाहून झाले की प्रकरण पुन्हा पाठव.