लेआऊटच्या सामायिक बोअरवर घरोघरी मीटर लावावेत का? बिल कसं काढावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावाबाहेर तुमचं 40 घरांचं लेआऊट आहे, बोअर आणि टाकी सामायिक, वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि दोन माणसांचं घर अन् भाडेकरू ठेवलेलं घर यांच्यात दर सभेत जुंपते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या 31 घरांच्या लेआऊटमध्ये मी चार वर्षांपासून पाण्याचा हिशेब पाहतोय, म्हणून अनुभवाचं सांगतो.

मीटर जरूर लावा. पण घरांच्या आधी एक मोठं मीटर टाकीच्या खाली, मेन लाइनवर बसवा. आमचं नेमकं हेच राहून गेलं होतं. घरोघरी मीटर लागले, महिनाभरानं बिलं निघाली, आणि पहिल्याच सभेत एका काकाजींनी विचारलं, "टाकीतून किती गेलं अन् आमच्या मीटरवर किती आलं, ते सांगा ना जी." कोणाजवळच उत्तर नव्हतं. मग मेन मीटर आलं. पुढच्या महिन्यात टाकीतून 540 युनिट गेले (एक युनिट म्हणजे 1000 लिटर) आणि घरांची बेरीज भरली 465. तब्बल 75 हजार लिटर पाणी कुठे गेलं? मे महिन्यात टँकर बोलवावं लागणाऱ्या वस्तीत हा आकडा ऐकून सभा गप्प झाली.

बरंचसं पाणी रस्त्याखालच्या एका जॉइंटमधून जात होतं. त्या जागी भर उन्हाळ्यात हराळी हिरवीगार असायची, आम्ही रोज तिच्यावरून चालत होतो. उरलेलं घरांतच जात होतं, पण मीटरवर येत नव्हतं. अर्ध्या इंची मीटर अगदी बारीक धारेवर फिरतच नाही. छतावरच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) बिघडला की अशी धार चालूच राहते.

धार थोडी मोठी असली तर मात्र मीटरच सांगतं. पाणी सुटलेलं असताना घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करा, मग मीटरच्या काचेतली छोटी चांदणी (पाणी वाहिलं की फिरणारं चाक) पाहा. एका मावशींचं बिल तिप्पट आलं होतं, त्या रडकुंडीला आल्या होत्या. मी सकाळी टॉर्च घेऊन त्यांच्या चेंबरमध्ये वाकलो. नळ सगळे बंद, पण चांदणी अडखळत फिरतच होती. शेवटी गोठ्याकडे गेलेला जुना पाइप सापडला. गोठा मोडून तीन वर्षं झाली होती, पाइप मातीखाली तसाच वाहत होता.

आता बिल. सगळंच युनिटवर टाकू नका. बोअरची मोटर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, विजेचा स्थिर आकार हे घर बंद असलं तरी लागतंच. आमचा महिन्याचा खर्च साधारण 9,300 रुपये. आधी प्रत्येक घराला सरसकट 300 पडायचे. आता 150 रुपये स्थिर आणि वर युनिटला 10 रुपये. 6 युनिट वापरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला 210 येतात, भाडेकरू असलेल्या 28 युनिटच्या घराला 430. गळतीचा फरक दर महिन्याला फळ्यावर लिहितो, तो लपवला की विश्वास गेलाच म्हणून समजा. वापर वाढेल तसा दर चढता ठेवायचा असेल तर कराडजवळच्या मलकापूरचा नमुना पाहा (आपलं बुलढाण्याचं मलकापूर नव्हे), तिथे गावभर मीटरनं 24 तास पाणी दिलं गेलंय.

तुमची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आधी उपविधी (संस्थेचे नियम) वाचा. आदर्श उपविधीत पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा आहे. मीटरवर जायचं तर सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव घ्या, नुसत्या तोंडी होकारावर जाऊ नका.

मीटर आयएस 779 मानकाचं घ्या, आडवं बसवा, तबकडी वर. बोअरच्या पाण्यात रेती येते, म्हणून आधी जाळी हवीच, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी काढून धुवा. पाणी ठरावीक वेळेलाच सोडत असाल तर रिकाम्या पाइपातली हवा आधी मीटरमधून निघते आणि मीटर हवेवर पळतं. लोक ही तक्रार करतात तेव्हा ती खरी असते, त्यांना खोटं पाडू नका. लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारा) लावा आणि मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. लाइनवर थेट टिल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावणं मात्र पहिल्याच ठरावात बंद करा, शेवटच्या घरांचं पाणी त्यानंच तुटतं.

आणि सुरुवात दिवाळीनंतर करा. तेव्हा बोअरला पाणी असतं, लाइन भरलेली राहते, आणि दोन-तीन महिने नुसतं वाचन घेऊन, पैसे न लावता, लोकांना आपापला आकडा पाहू देता येतो. आम्ही एप्रिलमध्ये सुरू केलं आणि पहिली दोन बिलं मागे घ्यावी लागली.