‘गैर’ ऐकल्यावर कानाला काय कळतं?

‘गैरसोय’ ऐकताना आपण आधी ‘गैर’ बाजूला काढून मग ‘सोय’ शोधतो का? (विटा)

शब्द वाचताना तसं होतं, असं टाफ्ट आणि फॉर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं. पण कानावर शब्द एकदम पडत नाही, ध्वनीमागून ध्वनी येतो. ऐकणारा पहिल्या ध्वनीपासूनच जुळणारे शब्द मनात जागे करतो आणि न जुळणारे गाळत जातो. नुसतं ‘सो’ ऐकलं तर सोय, सोबत, सोमवार, सोलापूर, काहीही असू शकतं. ‘गैर’नंतर ‘सो’ आला की ‘गैरसोय’च उरतो, ‘य’ यायच्या आधीच. म्हणजे उपसर्गाची अडचण होत नाही, उलट त्याने पुढची निवड सोपी होते. ‘अ’चं तसं नाही. त्याच्यापुढे शेकडो शब्द येऊ शकतात, त्यामुळे तो फारसं काही गाळत नाही.

‘बेदाणा’ म्हणजे मुळात बी नसलेला. मग ऐकताना ‘दाणा’ आठवतो का? (तासगाव)

व्युत्पत्ती बरोबर आहे, पण कान व्युत्पत्ती पाहत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्स्लेन-विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये इंग्रजीत हे तपासलं. शब्द ऐकवायचा आणि लगेच त्याचं मूळ पडद्यावर दाखवायचं. अर्थाचं नातं उघड असेल तर मूळ लवकर ओळखू येतं, नातं पुसलं असेल तर तो फायदा मिळत नाही. त्या हिशेबाने ‘बेजबाबदार’ ऐकून ‘जबाबदार’ जागा व्हावा. सौद्यातला ‘बेदाणा’ मात्र अख्खाच ओळखला जावा.

फोनवर ‘अर्ज अमान्य’ सांगितलं, समोरच्याने ‘मान्य’ ऐकलं. असं का? (सातारा)

‘अर्ज’च्या शेवटी जोडाक्षर असल्याने तिथे हलका ‘अ’ उच्चारला जातो. ‘अमान्य’चा ‘अ’ त्यातच मिसळतो आणि नवा शब्द ‘मा’पासून सुरू झाल्यासारखा वाटतो. ‘मान्य’ हा स्वतःच पुरा शब्द, म्हणून ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. नुसता आवाज चढवून भागत नाही. जोर ‘मा’वर गेला तर ‘अ’ आणखीच दबतो. ‘नामंजूर’ म्हणा: ‘ना’ लांब आहे, व्यंजनाने सुरू होतो, सहसा हरवत नाही. ‘अमान्य’च म्हणायचं असेल तर त्याआधी क्षणभर थांबा.

वर्गात याची चाचणी कशी घ्यावी? (कराड)

सगळे शब्द एकाच आवाजात रेकॉर्ड करा. ध्वनिसंपादनाच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक शब्दाचे सुरुवातीपासून ५०, १००, १५० मिलिसेकंद असे वाढते तुकडे करा. प्रत्येक तुकड्यानंतर शब्द कोणता, याचा मुलांनी अंदाज लिहायचा. कापलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो आणि मुलं तो ‘ट’ किंवा ‘प’ समजतात. म्हणून शेवटच्या ५ मिलिसेकंदांत आवाज हळूहळू शून्यावर आणा. यादीत ‘बेफिकीर’, ‘बेजबाबदार’ यांच्या जोडीला ‘बेसन’, ‘बेरीज’ हवेतच. सगळेच शब्द उपसर्गाचे असले तर मुलांना युक्ती कळते आणि ती ऐकायचं सोडून तर्क लढवू लागतात.