पहाटे साडेचारचा हट्ट सोड, आधी रात्रीचे दहा धर

अगं, तुझी पोस्ट दोनदा वाचली. बदलापूरला राहतेस, सव्वासातची लोकल पकडून फोर्टला जातेस, दोन मुलं, सकाळी सगळ्यांचे डबे, घरी परत यायला पावणेआठ. त्यात मागच्या महिन्यात साडेचारला उठून ध्यान, डायरी, व्यायाम आणि वाचन असं सगळं एकदम सुरू केलंस, आठवडाभर रेटलंस आणि मग एक दिवस अलार्म वाजलेला कळलाच नाही, तेव्हापासून बंद. आता विचारतेस की सकाळ आपल्या हातात कशी घ्यायची. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, आणि मी पण कल्याणहून नोकरी करतच रिटायर झालेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्यात जिद्द नाही वगैरे जे लिहिलंयस ना ते आधी डोक्यातून काढ. तूच सांगतेस की झोपायला बारा वाजतात. बारा ते साडेचार म्हणजे साडेचार तास झोप, मोठ्या माणसाला किमान सात तास तरी लागतात, मग आठवडा काढलास हेच खूप झालं. सकाळचं प्लॅनिंग सकाळी होतच नाही गं, ते आदल्या रात्री होतं आणि नव्वद टक्के लोक नेमकं तेच सोडून बाकी सगळं करत बसतात.

वर एकांनी ब्राह्ममुहूर्ताबद्दल लिहिलंय, की जुनी माणसं त्या वेळेला उठायची म्हणून ठणठणीत होती. उठायची, बरोबर आहे, माझी आजी पण उठायची, पण ती रात्री साडेआठला अंथरुणावर असायची हे पण सांगायला हवं ना. आणि ब्राह्ममुहूर्त काही घड्याळाला बांधलेला नाहीये, तो सूर्योदयाला बांधलेला आहे. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, आणि सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त म्हणजे ९६ मिनिटं राहिली की तो सुरू होतो. आपल्याकडे जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यात तो पाच चाळीसच्या आगेमागे आणि उन्हाळ्यात साडेचारच्या आत सुरू होतो. वर्षभर साडेचार म्हणजे साडेचारच असं जुन्या पद्धतीत पण नाहीये.

शरीराचंही असंच उजेडावर चालतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग, त्यांनी फळमाश्यांवर काम करून शरीरातलं हे चोवीस तासांचं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते उलगडलं. आपल्यात ते घड्याळ रोज जुळवलं जातं ते मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडाने. सकाळी उजेड मिळाला की रात्री झोप लवकर येते, आणि रात्री उशिरापर्यंत लख्ख उजेडात आणि मोबाइलसमोर बसलं की झोप पुढे ढकलली जाते. तू हिवाळ्यात अंधारातच घराबाहेर पडतेस, म्हणून तुला सांगते, प्लॅटफॉर्मवर शेडच्या बाहेर उभी राहत जा, आणि सीएसएमटीला उतरलीस की शेअर टॅक्सी न करता ऑफिसपर्यंत चालत जा. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. व्यायाम पण त्यातच होतो, त्यासाठी पहाटे वेगळा वेळ काढायची गरज नाही.

आता हिशोब. गाडीपासून मागे मोजायचं, ही आम्हा लोकलवाल्यांची सवयच. सव्वासातची गाडी, सहा पन्नासला घर सोडायचं. अंघोळ, साडी-ड्रेस, मुलांना उठवणं याला पस्तीस मिनिटं धर, सव्वासहा झाले. पोळ्या-भाजी आणि डबे पाऊण तास, साडेपाच. त्याआधी वीस मिनिटं फक्त तुझी, पाच दहा. उठून तोंड धुऊन भानावर यायला दहा मिनिटं, म्हणजे पाच वाजता उठायचं. त्यातून सात तास वजा केले की रात्री दहाला झोप लागलेली हवी. पावणेआठला घरी येणाऱ्या बाईला दहाला झोपणं शक्य आहे का, तर एकटीने सगळं केलं तर नाही, आणि इथेच खरी गोम आहे. नवऱ्याबद्दल तू एवढंच लिहिलंयस की ते साडेआठला निघतात. म्हणजे मुलांचं दूध, दप्तर, त्यांना शाळेत सोडणं हे सकाळी त्यांच्याकडे सहज जाऊ शकतं, आणि रात्रीची आवराआवर दोघांत वाटली तर तुझा अर्धा तास वाचतो. हे भांडून नको, रविवारी निवांत बसून हाच हिशोब कागदावर मांडून दाखव, कागदावर दिसलं की माणसांना पटतं. ते जमलंच नाही तर वीस मिनिटांची दहा कर, पण झोप कापू नकोस.

रात्रीचं म्हणशील तर मी काय करायचे ते सांगते. जेवणं झाली की ओटा पुसायच्या आधीच कणीक मळून तेलाचा हात लावून डब्यात फ्रीजला, भाजी चिरून, लसूण सोलून, कुकरच्या भांड्यात डाळ-तांदूळ काढून वर झाकण, सकाळी फक्त धुऊन लावायचे. डबे, चमचे, नॅपकिन ओट्यावर एका रांगेत. पास पर्समध्ये, कपडे इस्त्री करून हँगरला. सकाळी अर्धवट झोपेत "आज भाजी काय करू" हा विचारच करावा लागायचा नाही, आणि त्याने किती शांतता मिळते ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही. ऑफिसात सहाला जो चहा घेतेस तो पण बंद कर किंवा तीनच्या आत घे. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकराला अंगात आहेच. आणि मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. अलार्मसाठी लागतो म्हणशील तर साधं गजराचं घड्याळ आण, नाहीतर डोळे उघडल्या उघडल्या फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभात बघण्यात तुझी वीस मिनिटं कधी गेली कळणार पण नाही.

आता त्या वीस मिनिटांत काय. चार गोष्टी नको, एकच घे. लोक सांगतात म्हणून ध्यानच करायला हवं असं काही नाही. दिवसभरात तुला कशाची उणीव वाटते ते बघ. तू लिहिलंयस की सबंध दिवसात एक मिनिट पण गप्प बसायला मिळत नाही, मग गॅलरीत चहा घेऊन गप्प बस, झालं, तोच तुझा नेम. माझी इतकी वर्षं रांगोळी होती. दाराबाहेरची लादी ओल्या फडक्याने पुसायची, ती वाळेपर्यंत थांबायचं, मग ठिपके, आणि चिमटीतून सलग रेघ सोडताना श्वास आपोआप हळू होतो, डोक्यात दुसरं काही येतच नाही. रोज मोठी नाही, कधी नुसती गोपद्मं.

ती एक गोष्ट रोज घडणाऱ्या कशाला तरी जोडून टाक. "सव्वापाचला बसेन" यापेक्षा "दुधाची पिशवी आत घेतली की चहा टाकायचा आणि बसायचं" हे जास्त टिकतं, कारण दूधवाला येतोच. आणि २१ दिवसांत सवय लागते हे जे फिरत असतं त्यावर जाऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन हे तपासलं होतं, २००९ मध्ये ते आलं, त्यात एखादी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यात दिसलं. मूल आजारी पडेल, पाहुणे येतील, मेगाब्लॉक असेल, त्या दिवशी नाही झालं तर नाही झालं, दुसऱ्या दिवशी दूध येईलच.

रविवारचं विचारलंयस, तर तास-सव्वा तास उशिरा उठलीस तरी हरकत नाही, पण दहापर्यंत लोळलीस तर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवारची सगळी बोंब.

पाचला लगेच उठू नकोस. या आठवड्यात सकाळला हातच लावू नको, फक्त झोपायची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आण आणि खरोखर दिवा कधी मालवला ते कॅलेंडरवर लिहीत जा. पुढच्या रविवारी ते आकडे इथे टाक, नवऱ्याशी काय ठरलं ते पण सांग, मग उठायची वेळ मिळून ठरवू.