मी मुंबईत असतो, रत्नागिरीला गावी वडिलांसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घेतोय. सबसिडी किती मिळेल आणि खात्यात कधी जमा होते?

खात्यात काहीच जमा होत नाही. ही गॅस सिलिंडरची सबसिडी नव्हे. शोरूमवाला बिलातूनच रक्कम वजा करतो आणि कंपनी ती केंद्राकडून वसूल करते. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या सबसिडी योजनेत २०२५-२६ साठी बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला २,५०० रुपये होते, पण एका दुचाकीला ५,००० च्या वर नाहीत. म्हणजे बॅटरी २ किलोवॅट-तासाची घ्या की ४ ची, आकडा तोच. योजना पुढे मार्च २०२८ पर्यंत वाढवली, ती दुचाकी-तीनचाकी वगळून. त्यांची मुदत तेव्हा ३१ मार्च २०२६ च ठेवली; त्यानंतर घेणार असाल तर सवलत चालू आहे का, ते आधी विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मुंबईत, गाडी गावी. "तुमच्याच नावावर घ्या, नंतर ट्रान्सफर करू" असं सर्रास सांगितलं जातं. ऐकू नका. ही सवलत ज्यावर मिळते ते ई-व्हाउचर आधारवर निघतं आणि एका आधारवर एकच गाडी बसते. तुमचं आधार इथे खर्ची पडलं की उद्या स्वतःसाठी गाडी घेताना हात रिकामे. गाडी वडील चालवणार, तर व्हाउचरही त्यांच्याच नावाचं हवं.

अडतं कुठे? आधारला जोडलेल्या मोबाईलवर. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचा तो नंबर बहुतेक वेळा केव्हाच बंद पडलेला असतो. व्हाउचरचा दुवा तिथे जातो, त्यावरची सही राहून जाते, आणि मग "पाच हजार आत्ता भरा, मंजूर झाले की परत देतो" सुरू होतं. ते भरू नका. शिमग्याला चार दिवस येऊन पालखी आणि गाडी दोन्ही उरकायचा बेत असेल, तर त्याआधीच वडिलांना आधार केंद्रात पाठवून नंबर बदलून घ्या. खरेदीच्या वेळी ते स्वतः शोरूममध्ये हवेत.

बिल उभ्या उभ्या वाचू नका, बसून वाचा. जीएसटी ५ टक्के, चार्जरवरही ५ च. केंद्राची सवलत वेगळ्या ओळीत वजा दिसली पाहिजे. किंमत "सबसिडी धरून" सांगितली म्हणजे ती दिली असं होत नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन कर माफ आहे, तेव्हा "आरटीओ" म्हणून घसघशीत आकडा लावला असेल तर फोड मागा. राज्याची खरेदी सवलत देणार असतील तर तीही कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

आणि त्या पाच हजारांसाठी मुदत गाठायला धावत सुटू नका. हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय: कोकणात गाडीच्या आधी घरचं अर्थिंग. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, चार्जर फॉल्ट दाखवून थांबतो आणि दोष गाडीवर येतो. खड्डा नीट भरून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, चार्जिंगच्या सॉकेटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरवट पडतात, त्या महिन्यातून एकदा बघा.

एक राहिलं. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरची बिननंबरची स्कूटर घेणार असाल तर वरची केंद्राची सबसिडी विसरा. आणि कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची प्राप्तिकर सूट आहे असं कोणी सांगितलं, तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.