परदेशी सरकारनं बिल थकवलं, तर त्यांच्या अधिकाऱ्यावर दावा लावता येतो का?

मडगावात दिवाणी वकिली करतो, म्हणून लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यातल्या एका प्रदर्शनात परदेशी सरकारच्या पर्यटन खात्याचा मंडप तुम्ही उभारलात, निम्मं बिल थकलं, आणि वर्क ऑर्डरवर सही करणारा अधिकारी पुन्हा गोव्यात येणार आहे, तर त्याच्यावरच व्यक्तिशः दावा ठोकावा का?

माझं ऐकाल तर त्या माणसाच्या मागे लागू नका. देणं त्याच्या सरकारचं आहे, आणि सरकारवर दावा लावायची वाट बंद नाही. ती फक्त दिल्लीवरून जाते.

पण आधी वर्क ऑर्डर नीट बघा. लेटरहेड कोणाचं, शिक्का कोणाचा, जीएसटी नंबर कोणाचा, अ‍ॅडव्हान्स कोणाच्या खात्यातून आला? अशा कामांत मध्ये बहुतेकदा मुंबई-दिल्लीची एखादी इव्हेंट एजन्सी असते. तसं असेल तर पुढचं काहीच वाचू नका. एजन्सीवर साधा वसुलीचा दावा लावून मोकळे व्हा.

कागद खात्याचाच असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86 आडवं येतं. परदेशी राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती हवी, सचिवाच्या सहीची. ती मिळायला चारांपैकी एक तरी गोष्ट दिसावी लागते: त्या राज्यानं त्याच कोर्टात तुमच्यावर दावा लावलाय, कोर्टाच्या हद्दीत ते स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत व्यापार करतंय, हद्दीतल्या त्याच्या ताब्यातल्या स्थावर मालमत्तेबद्दल वाद आहे, किंवा परदेशी राज्य म्हणून दाव्यापासून मिळणारं संरक्षण त्यानं सोडून दिलंय.

तुमची भिस्त व्यापारावर. आता पर्यटनाचा मंडप म्हणजे व्यापार का, यावर घासाघीस होणार. नुसती माहितीपत्रकं वाटली असतील तर ‘हा प्रचार, व्यापार कसला’ असं ते म्हणतील. मंडपात टूर पॅकेजं विकली असतील, बुकिंग घेतली असतील, तर तुमच्या बाजूत जीव आहे. दरपत्रकं, पावत्या, मंडपाचे फोटो, जे हाताशी असेल ते फाईलला लावा. ‘वाद गोव्यातील न्यायालयांत चालेल’ अशी ओळ वर्क ऑर्डरमध्ये असेल तर संरक्षण सोडल्याचा मुद्दाही घेता येतो.

दिल्लीवाले नाही म्हणाले तर? अल्जीरियाच्या दूतावासाचं दुरुस्तीकाम केलेल्या एका माणसाचं बिल असंच अडकलं होतं. परराष्ट्र मंत्रालयानं ‘राजकीय कारणास्तव’ एवढं लिहून संमती नाकारली. धल्ला विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 1986 साली सर्वोच्च न्यायालयानं ते चालवून घेतलं नाही. कारणं देऊन पुन्हा निर्णय घ्या, म्हणून सांगितलं. शिवाय 1976 च्या दुरुस्तीनंतर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती नाकारताच येत नाही.

मुदतीची काळजी करताय, ती रास्त आहे. केलेल्या कामाच्या पैशांसाठी काम झाल्यापासून तीन वर्षं. पण संमतीसाठी अर्ज दिल्यापासून आदेश हाती येईपर्यंतचा काळ मुदत कायद्याच्या कलम 15 खाली वगळला जातो. अर्जाची पोच मात्र सांभाळा. आणि एक कडू गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मिळाली तरी त्या राज्याच्या मालमत्तेवर दरखास्त (वसुलीची कारवाई) लावायला पुन्हा वेगळी संमती लागते.

आता तुमचा तो अधिकारी. तो राजनैतिक (दूतावासाचा) अधिकारी असेल तर 1961 चा व्हिएन्ना करार आणि आपला 1972 चा कायदा त्याला वाचवतात. स्वतःची जमीन, वारसा किंवा खासगी धंदा यांचा वाद असेल तरच तो सापडतो. तो साधा पर्यटन खात्याचा माणूस असेल, तर कलम 86 त्याचं नाव घेत नाही हे खरं. पण त्यानं सही केली ती सरकारसाठी, आणि अशा कामाला राज्याचीच ढाल मिळते, असा आंतरराष्ट्रीय रिवाज आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2006 मध्ये सौदी अधिकाऱ्यांना ही ढाल दिली, आणि तिथं आरोप छळाचा होता. केरळजवळच्या समुद्रात 2012 साली इटलीच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमार मारले, तरी 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं त्यांना इटलीचे अधिकारी म्हणून आपल्या कोर्टांबाहेर ठेवलं. भरपाईचे 10 कोटी मात्र इटलीनं भरले, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण बंद केलं. (आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा: 1961 साली पोर्तुगीज बँकेनं लिस्बनला नेलेलं गोवेकरांचं गहाणाचं सोनं 1991 मध्ये परत आलं, तेही दोन सरकारांच्या बोलण्यातूनच.)

एखादा वकील तुम्हाला करार कायद्याचं कलम 230 दाखवेल: मालकावर (म्हणजे ज्याच्या वतीनं सही झाली त्याच्यावर, इथं परदेशी सरकारवर) दावाच लावता येत नसेल, तर एजंट स्वतः बांधील असल्याचं गृहीत धरतात. कलम खरं आहे. पण समोरचा वकील लगेच म्हणेल की मालकावर दावा लावता येतो, फक्त संमती घ्या. मग वर्ष-दोन वर्षं त्याच मुद्द्यावर तारखा पडत राहतील, आणि तोवर तो अधिकारी आपल्या देशात निघून गेलेला असेल.

तेव्हा आधी त्या खात्याला आणि त्यांच्या दिल्लीतल्या दूतावासाला वकिली नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर सगळे कागद जोडून परराष्ट्र मंत्रालयाकडे संमतीचा अर्ज. कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस इथं लागत नाही, ती आपल्या सरकारांसाठी. वर्क ऑर्डरमध्ये कोर्टाच्या हद्दीबद्दल काय लिहिलंय ते नावं झाकून इथं टाका, मग अर्ज कसा मांडायचा ते सांगतो.