तरुणांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संशोधकाचा एच-इंडेक्स मोठा असेल, तर पीएचडीसाठी त्याच्याकडे जावं का?

एच-इंडेक्स ४५ म्हणजे प्रत्येकी निदान ४५ सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांनी संदर्भ म्हणून घेतलेली नोंद) मिळालेले ४५ पेपर. बस्स. तो माणूस शिकवतो कसा, त्याच्या कामानं मुलांना काही फरक पडला का, यातलं काहीच त्यात नाही. तरी निवड समित्या तो आकडा अंगाऱ्यासारखा कपाळाला लावतात, आणि यावरून माझं लोकांशी कायम वाजतं.

त्याचा सगळ्यात जास्त सायटेशन्सवाला पेपर उघडा. तो एखाद्या प्रश्नावलीचा निघाला तर थांबा. ज्यानं प्रश्नावली वापरली त्याला सायटेशन द्यावंच लागतं. ती पावती असते, दाद नव्हे.

रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची एसडीक्यू, म्हणजे मुलांच्या भावना आणि वर्तन तपासणारी प्रश्नावली घ्या. २५ विधानं, पाच गट: भावनिक त्रास, वर्तन, अतिचंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि मदतीची वृत्ती. प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २. एकूण त्रासाचा स्कोअर पहिल्या चार गटांचा, ० ते ४०. पाचवा गट त्यात मिळवायचा नाही, कारण मदत न करणं म्हणजे त्रास असणं नव्हे. तरी ५० पैकी स्कोअर काढणारे भेटतातच.

त्याहून घातक चूक उलट्या विधानांची. ७, ११, १४, २१ आणि २५ ही विधानं चांगल्या गुणांची आहेत, त्यांचं गुणांकन उलटं करायचं असतं. समजा मूल सांगितलेलं ऐकतं, त्याला एक जिवलग मित्र आहे, ते इतरांना आवडतं, विचार करून वागतं, हातातलं काम पुरं करतं. पाचही ठिकाणी ‘अगदी खरं’, म्हणजे उलटवल्यावर २ ऐवजी ०. पहिल्या चार गटांतल्या बाकीच्या १५ विधानांवर त्याचे ७ होतात. खरा स्कोअर ७, पण उलटवायचं राहिलं तर १७. पालकांनी भरलेल्या प्रतीच्या जुन्या तीन पट्ट्यांत १३ पर्यंत सामान्य, १४ ते १६ सीमेवर, १७ पासून असामान्य. म्हणजे धडधाकट पोर थेट शेवटच्या पट्टीत! मुलानं स्वतः भरलेल्या आणि शिक्षकांच्या प्रतींच्या मर्यादा आणखी वेगळ्या, त्यांचीही सरमिसळ होते.

हे पकडायचं कसं? भावनिक गटात उलटं विधान एकही नाही, म्हणून तो ठीकठाक दिसतो आणि फसवतो. सवंगडी आणि अतिचंचलता या गटांत अशी दोन-दोन आहेत. तिथं प्रत्येक विधानाचा गटातल्या उरलेल्यांशी सहसंबंध काढा, ऋण आला की समजा, उलटवायचं राहिलंय. नुसता अल्फा (गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) पाहून भागत नाही. सवंगड्यांच्या गटाचा अल्फा सगळं बरोबर असतानाही कमीच येतो. आणि गटातली किमान तीन उत्तरं असतील तरच मुलानं किंवा पालकांनी न भरलेल्या उत्तरांची भरपाई करायची.

आता गंमत बघा: चुकीचं गुणांकन केलेला पेपरही गुडमन यांच्या खात्यात एक सायटेशन जमा करतो.

संशोधकांच्या वादातही तेच. मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगे आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन नैराश्याची वाढ स्क्रीनशी जोडली. २०१९मध्ये एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी अशाच मोठ्या सर्वेक्षणांतल्या ३,५५,३५८ जणांच्या माहितीवर विश्लेषणाचे हजारो पर्याय चालवून पाहिले; स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के तंत्रज्ञानाच्या वापरानं उलगडला. खोडून काढायला का होईना, दुसऱ्याचं नाव घ्यावंच लागतं. सायटेशन्स दोघांच्याही वाढल्या.

तेव्हा त्या संशोधकाला सायटेशन देणारे ताजे ५० पेपर उघडा. स्वतःचे आणि सहलेखकांचे काढा. नाव फक्त ‘पद्धत’ या भागात किंवा प्रस्तावनेतल्या पाच-सहा नावांच्या कंसात असेल तर तेही काढा. उरतील त्यांत त्याच्या निष्कर्षावरून कुणी पुढचा प्रयोग आखलाय का, ते पाहा. निष्प्रभ ठरलेली चाचणी त्यानं छापली असेल तर माझ्या लेखी तो वरचढ. ८५ शाळांमधली माइंडफुलनेसची (वर्तमान क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाची) मिरियड नावाची चाचणी २०२२मध्ये नेहमीच्या शिकवणीपेक्षा सरस ठरली नाही, तरी ती छापली गेली आणि शाळांना तिचाच उपयोग जास्त.

एक मात्र कबूल: चांगली प्रश्नावली बनवणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे, त्याला कमी लेखत नाही. फक्त तिच्या सायटेशन्स वेगळ्या मोजा. आणि मार्गदर्शक म्हणून निवडताना त्याचे विद्यार्थी प्रथम लेखक असलेले पेपर किती, ते आधी बघा.